मिनी कूपर एस: नुसता वॉटर पंप की सुपरचार्जरचं तेलही?

बर्मिंगहॅमहून मावसभावाचा फोन: २००४ ची मिनी कूपर एस, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळतंय. गॅरेजवाला म्हणतो, ते फिरवणारा वॉटर पंप नुसता बदलू. करू का?

आधी हे लक्षात घे. या आर५३ मॉडेलमध्ये पंप थेट पट्ट्यावर नाही, ईटन कंपनीच्या एम४५ सुपरचार्जरच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) मागच्या गिअरवर फिरतो. त्यामुळे पंपासाठी सुपरचार्जर काढावाच लागतो, त्याआधी बंपर.

नुसता पंप बदला किंवा सोबत सुपरचार्जरचं तेलही, मेहनत जवळपास तेवढीच. खर्चात मजुरीच मोठी, तेलाचे पैसे त्यापुढे किरकोळ.

खरा फरक टिकण्यात. सुपरचार्जरच्या मागच्या गिअरच्या कप्प्यात तेल जेमतेम असतं. ते आटलं की दाते झिजतात, पंप फिरायचा थांबतो आणि इंजिन तापतं. मग नवा पंपही उपयोगाचा नाही, मजुरी पुन्हा. हे 'आयुष्यभर पुरणारं तेल' आहे असं कुणी म्हटलं तर सोडून दे. जुना पंप हातात घेऊन दांड्याचं टोक बघ. झिजलं असेल तर तेलाने भागणार नाही, सुपरचार्जरच दुरुस्त करावा लागेल. (जुन्या तेलाला भयंकर घाण वास येतो, घाबरू नकोस.)

गाडी महिन्याभरात विकायची असेल तर नुसता पंप चालेल, पण घेणाऱ्याला सांग. ठेवायची असेल तर दोन्ही एकदमच.