लाल डोळ्यांचा हॅमस्टर, काचेची टाकी आणि खान्देशातला मे महिना: वापरानंतरचा अनुभव

मांडणी अशी आहे: अ‍ॅक्वेरियमवाल्याकडून बनवून घेतलेली 100 × 50 × 50 सेंटीमीटरची काचेची टाकी, वर बारीक जाळीचं झाकण, तळाला कागदी भुसा, 28 सेंटीमीटर व्यासाचं चाक, सिरॅमिकचं घर, वाळूचं भांडं आणि खोलीत लाल एलईडी दिवा. प्राणी म्हणजे सिरियन जातीचा हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी), पांढरा, लाल डोळ्यांचा. जळगावात पावसाळा, थंडी आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू ही मांडणी वापरात राहिली, म्हणून आता नीट सांगता येतं.

आधी डोळ्याबद्दल, कारण सगळी खरेदी त्यावरच ठरायला हवी. काळ्या डोळ्यात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य भरपूर असतं. लाल डोळ्यात लाल रंगद्रव्य नसतं. मेलॅनिन कमी किंवा नसल्यामुळे आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग दिसतो. काही सिरियनचे डोळे गडद डाळिंबी असतात आणि वय वाढलं की जवळजवळ काळे वाटतात. ओळखायचं असेल तर दिवसा खिडकीजवळ, बाजूने बघावं. डोळ्यात टॉर्च मारू नये. मेलॅनिन नसलेली बुबुळं प्रकाश अडवू शकत नाहीत, त्यामुळे अशा प्राण्याला उजेड जास्त टोचतो आणि सततच्या झगझगाटाने दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा पडदा) खराब होऊ शकतं.

नजर मात्र काळ्या डोळ्यांच्या हॅमस्टरचीही अधूच असते. दृष्टिपटलात अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी प्रचंड आणि रंग, बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी अगदी थोड्या. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे वरून झडप घालणारा पक्षी चटकन कळतो, पण पुढची कडा किती खोल आहे ते कळत नाही. खरं जग तो नाकाने आणि मिशांनी वाचतो. दुकानात सर्रास मिळणारा दुमजली तारेचा पिंजरा म्हणूनच नापास: प्राणी वरच्या मजल्याच्या काठावरून सरळ चालत पुढे जातो आणि पडतो. टाकीत कुठलाही चौथरा 15 सेंटीमीटरपेक्षा उंच ठेवलेला नाही. हातात घ्यायचं तेही जमिनीवर बसूनच.

टाकीला पैकीच्या पैकी देता येत नाहीत. काचेतून चारही बाजूंनी उजेड येतो. तीन बाजूंना बाहेरून तपकिरी कागद चिकटवला तेव्हा प्राणी संध्याकाळी लवकर बाहेर यायला लागला. काळ्या डोळ्यांच्या हॅमस्टरला एक बाजू झाकली तरी पुरते. दुसरी अडचण उंचीची. भुसा 20 ते 25 सेंटीमीटर हवा, नाहीतर बिळं ढासळतात. पण चाक स्टँडसकट 31 सेंटीमीटर भरतं. म्हणून चाकाच्या कोपऱ्यात विटांवर लाकडी फळी ठेवली आणि तिथे भुसा अगदी पातळ ठेवला. चाक थेट भुशावर ठेवलं तर तो उकरला जातो आणि चाक कलंडतं. चाकाचा पृष्ठभाग सलग हवा. गजांच्या चाकात पाय अडकतो, आणि छोट्या चाकात पाठ वाकते.

लाल दिवा हा या खरेदीतला सगळ्यात उपयोगी भाग. सिरियन हॅमस्टरला लाल प्रकाश फार कमी जाणवतो, म्हणून त्याची रात्र न मोडता आपल्याला बघता येतं. पण वरून रंग मारलेला जुना झिरोचा बल्ब नको: रंग खरवडला की पांढरा उजेड झिरपतो, शिवाय बल्ब तापतो. अर्ध्या वॅटचा लाल एलईडी, टाकीपासून दीडेक मीटरवर, पुरेसा आहे.

भुशाबाबत खान्देशात एक मोह होतोच: घरोघरी कापूस. घरट्यासाठी कापूस अजिबात देऊ नका. त्याचे तंतू पायाला आवळले जातात आणि पोटात गेले तर आतडं अडतं. साधा, बिनवासाचा टिश्यू फाडून द्यावा. सुताराकडचा लाकडाचा भुसा धुळीचा असतो, डोळे चिकटतात ते बहुतेक अशा धुळीने किंवा मुताच्या अमोनियाने. वाळूच्या भांड्यात तापीची वाळू चालते, पण चाळून, धूळ निघेपर्यंत धुऊन आणि तव्यावर कोरडी भाजून. खाणं वाटीत न देता दादर ज्वारीचं कणीस भुशात खोचून ठेवलं की तो वासावरून शोधतो. ही कसरत त्याला डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त जमते.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि हॅमस्टरला 18 ते 26 अंश मानवतं. कूलरचा झोत टाकीवर सोडू नये, भुसा दमट होतो, बुरशी धरते, अमोनिया वाढतो आणि लगेच डोळ्यातून पाणी यायला लागतं. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी किलकिली. टाकीत कडप्प्याचा तुकडा, दुपारी बर्फाच्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवून. पाणी दर 100 ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण 10 मिली लागतं. उन्हाळा नसताना ते एकदम वाढलं आणि डोळ्यात निळसर-पांढरी झाक आली तर मधुमेह तपासून घ्यावा. कॅम्पबेल ड्वार्फ या ठेंगण्या जातीच्या हॅमस्टरमध्ये तो जास्त आढळतो, त्यांना केळं-द्राक्ष बंदच ठेवावं.

सकाळी डोळा चिकटलेला दिसला तर 0.9 टक्के सलाइन कोमट करून कापडाचा बोळा मिनिटभर टेकवावा, पापणी ओढू नये. दिवसभरात उघडला नाही तर पशुवैद्य. घरातले स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा असेल तर जखम चिघळते. मानेची कातडी जोरात आवळून धरल्यास डोळा बाहेर येऊ शकतो. तसं झालं तर दाबून आत ढकलू नका, सलाइनने ओला ठेवून तातडीने दवाखाना गाठा.

जोडी लावायचा विचार असेल तर रोन × रोन (रंगीत आणि पांढरे केस मिसळलेले दोन हॅमस्टर) कधीही नाही. पांढऱ्या पोटाचं हे जनुक दोन्हीकडून आलं की पिल्लं पांढरी आणि डोळ्यांविना जन्मतात, सरासरी चारातलं एक. वरून साध्या दिसणाऱ्या प्राण्यातही ते लपलेलं असतं, त्यामुळे दुकानातून आई-बाप माहीत नसलेली जोडी आणली असेल तर दोघांना वेगळ्या टाक्यांतच ठेवावं. सिरियन तसाही एकटाच राहतो.

आंधळ्या किंवा म्हाताऱ्या हॅमस्टरला हीच मांडणी तशीच्या तशी चालते. फक्त साफसफाईत चाक, घर, पाणी यांच्या जागा बदलू नयेत आणि एक तृतीयांश जुना, कोरडा भुसा परत घालावा, म्हणजे त्याचा वास राहतो.