इपॉक्सी म्हणून विकलेला डबा

घरी लाकडी कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) बांधणाऱ्या जळगाव-भुसावळकडच्या मंडळींनी हे वाचाच. माझे पावणेतीन हजार गेले, आईचं अर्धं लुगडं गेलं, आणि उन्हाळाभराचं काम आता पॉलिश पेपरने घासून काढतोय.

चौदा फुटी कयाक, 4 मिलिमीटर मरीन प्लायची. वाघूर धरणात न्यायची होती. वरच्या बाजूला आईचं सुती लुगडं, त्यावर फायबरग्लासचं म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड, सगळं इपॉक्सीत (हार्डनर मिसळला की घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये) बसवायचं. फिकं कापड रेझिन प्यायलं की आरपार दिसतं, म्हणून मुद्दाम गडद हिरवं घेतलं. इतकी अक्कल होती!

दुकानदाराने मोठ्या कॅनमधून पाच किलो ओतून दिलं. लेबल नाही, बिल नाही. "घ्या भो, बोटवाले हेच नेतात." सोबत हार्डनरची शंभर मिलीची बाटली, आत पाण्यासारखं पातळ काहीतरी. तिथेच ओळखायला हवं होतं. इपॉक्सीला हार्डनर रेझिनच्या निम्मा, निदान दहावा हिस्सा तरी लागतो. टक्का-दोन टक्क्यांत भागतं ते पॉलिएस्टर रेझिन, बरंच स्वस्त. डबा उघडला तर डोळ्यांत जाणारा वास खालच्या मजल्यापर्यंत गेला. खऱ्या इपॉक्सीला एवढा वास नसतो. मी म्हटलं, मे महिना आहे, येत असेल.

दिसायला काम झकास झालं. तिसऱ्या आठवड्यात कडेला रुपयाएवढा पांढरा फुगा दिसला. नखाने उचकटला तर केळीचं सोपट सुटावं तसा हातभर पट्टा निघून आला. लुगडं काचेसारखं कडक, काठसुद्धा शाबूत. खालचं प्लाय मात्र कोरडं, जणू काही लावलंच नव्हतं. पॉलिएस्टर काचेच्या कापडाला धरतं, लाकडाला नीट धरत नाही.

दुकानदार म्हणाला, "उन्हात काम केलं ना, म्हणून सुटलं." ऊन पंचेचाळीसचं होतं, कबूल. पण उन्हाने इपॉक्सी वाटीतच लवकर घट्ट होतं. हार्डनरची बाटली काही लहान होत नाही! बिलच नाही म्हटल्यावर ग्राहक आयोगात काय दाखवणार?

आता रेझिन-हार्डनरची सीलबंद जोडी आणलीय, बिलासकट. तुम्हीही आधी त्याच प्लायच्या तुकड्यावर कापड चिकटवा, आठ दिवसांनी पटाशीने उचका. कापडासोबत लाकडाच्या चिरफळ्या आल्या तर माल खरा.

माझा तुकडा गच्चीवर आहे, आज चौथा दिवस. उरलेलं अर्धं लुगडं आईने धुऊन ठेवलंय.