थ्री-इन-वन डाउनलाइट: हॉलला चालेल, सगळ्या घराला नको

फॉल्स सिलिंगचं काम निघालं की वायरमन हल्ली हमखास थ्री-इन-वन सुचवतो. दिवा एकच, बटण बंद करून लगेच चालू केलं की रंग बदलतो: पांढराशुभ्र 6500 केल्विन, मधला 4000, पिवळसर 3000. इथे विचार केलाय तो 12 वॅटच्या, छतात बसणाऱ्या गोल दिव्याचा.

आत एलईडीच्या दोन माळा असतात, एक पिवळी, एक पांढरी. मधला रंग म्हणजे दोन्ही एकदम चालू. म्हणून मधल्या रंगात उजेड सहसा सर्वात जास्त आणि पिवळ्यात सर्वात कमी पडतो. खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो याचा, आकडा कोणत्या रंगाचा, हे बहुतेक वेळा छापलेलं नसतं. तेव्हा दुकानात तिन्ही रंग लावून बघा आणि पिवळ्यात आपला तळहात दिव्याखाली धरा. कातडी मातकट, निस्तेज दिसली तर सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, कमी आहे. 80 चालतो, कपाट, आरसा, देवघर यांच्यासमोर 90 घ्यावा. मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ लावून उजेड लपलपताना दिसला, तर तो दिवा तिथेच ठेवून या.

खरा त्रास ड्रायव्हरचा, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीचा. बटण किती वेळ बंद होतं, यावर तो ठरवतो की रंग बदलायचा की नाही. लाइट क्षणभर जाऊन आली किंवा इन्व्हर्टरने भार उचलला, तरी त्याला बटण दाबल्यासारखंच वाटतं, आणि टीव्ही बघता बघता हॉल पिवळ्याचा पांढरा होतो. त्याहून वैताग म्हणजे एका बटणावरच्या चार दिव्यांपैकी एक वेगळ्याच रंगात जाणं. प्रत्येक ड्रायव्हरमधला वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा व्हायला थोडा कमी-जास्त वेळ घेतो, म्हणून ही फाटाफूट. बऱ्याच मॉडेलमध्ये 10-15 सेकंद पूर्ण बंद ठेवलं की सगळे पुन्हा पहिल्या रंगावर येतात. काहींमध्ये शेवटचा रंग लक्षात राहतो. तिथे हा उपाय चालत नाही. घेण्याआधी दुकानदाराला हे नेमकं विचारा. बटण बंद असूनही दिवा मिणमिणत असेल तर दोष बहुधा दिव्याचा नसतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असतं, नाहीतर त्यात इंडिकेटर असतो.

किती लावायचे? 10 बाय 12 फुटांचा हॉल म्हणजे साधारण 11 चौरस मीटर. बैठकीला 150 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 150 लुमेन, धरले तर 1,650 लुमेन खाली पोहोचायला हवेत. भिंती आणि धूळ खातात ते धरून 2,700 च्या आसपास. 12 वॅटचा बरा दिवा 1,000 ते 1,100 लुमेन देतो. चार पुरेत. आठ लावून घेतलेले हॉल ज्वेलर्सच्या दुकानासारखे दिसतात.

मांडणी करताना पंखा विसरू नका. 1,200 मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट जातं आणि दिवा पात्याच्या वर, जवळ आला की खोलीभर सावलीची फडफड सुरू होते. चारही दिवे दोन्ही भिंतींपासून दोन-दोन फूट आत घ्या. या मापाच्या हॉलमध्ये ते मध्यापासून बरोबर पाच फुटांवर येतात, म्हणजे पात्याच्या टोकापलीकडे तीन फूट मोकळे. दोन-दोनच्या जोडीला वेगळी बटणं द्या, म्हणजे टीव्हीसमोरची जोडी बंद ठेवता येते. फक्त दोन्ही जोड्या एकाच रंगात आणण्याचा खेळ मग अधूनमधून करावा लागतो.

मुलं जिथे अभ्यास करतात तोच हॉल रात्री झोपायची खोली होत असेल, तिथे हे तीन रंग वसूल होतात. संध्याकाळी 4000, जेवणानंतर 3000. स्वयंपाकघरात मात्र पैसे वाया. तिथे छताच्या मधोमध दिवा असला की आपलीच सावली ओट्यावर पडते; वरच्या कपाटाखाली 4000 केल्विनची एलईडी पट्टी लावलेली केव्हाही बरी. बाथरूमलाही साधा एकरंगी घ्या, वाफेपासून बचाव असलेला.

बसवताना खोक्यावरचं कट-आउटचं माप बघितल्याशिवाय भोक पाडू देऊ नका. भोक मोठं झालं की स्प्रिंग पीओपीची कड कुरतडते आणि दिवा एका बाजूने लोंबतो. वर दोन-तीन इंच हवा खेळायला जागा हवी, कारण उष्णतेने आधी ड्रायव्हर जातो, एलईडी नाही. आणि तो गेला की साधा ड्रायव्हर चालत नाही: एकरंगीतून दिव्याकडे दोन वायरी निघतात, यातून तीन. दुसऱ्या कंपनीचा क्वचितच जुळतो, जुळला तरी रंगबदलाची वेळ वेगळी पडते. म्हणून चार बसवणार असाल तर पाच घ्या, एकाच बॅचचे, आणि बिलावर वॉरंटीचा शिक्का मारून घ्या.