घोडीच्या सोनोग्राफीवाले डॉक्टर: उशिरा येतात, पण पडद्यावर दाखवून सांगतात

आधी तक्रार. सकाळी सातचं सांगून साडेनऊला उगवतात. तोवर घोडी खोड्यात उभी, आणि आम्ही तिसरा चहा पीत. मशीन हातात मावणारं आहे, पण बावड्याच्या उन्हात पडदा दिसतच नाही. आम्ही वरून घोंगडं धरतो. तरीही या वर्षी तीनदा यांनाच बोलावलं.

आमची चंदा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी घोडी. गेल्या हंगामात तिला दुसऱ्या एकाकडं दाखवत होतो. 28व्या दिवशी गर्भाचा ठोका दिसला, तबेल्यात पेढे वाटले. पुढं सोनोग्राफी केलीच नाही. 70व्या दिवशी नुसतं रक्त पाठवलं, रिपोर्ट आला गाभण. शंका आली म्हणून मशीन लावून बघितलं तर आत काहीच नाही. मग माजावर आणायला दोन इंजेक्शनं मारली, घोडी ढिम्म. हंगाम वाया गेला.

यांना ते सांगितलं, तर हसले नाहीत की मागच्याला नावं ठेवली नाहीत. म्हणाले, "मामा, 35 दिवसांच्या पुढं गर्भाच्या आवरणातल्या पेशी आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि तिथं वाट्यांसारखे उंचवटे तयार होतात. त्यातनं ईसीजी नावाचं संप्रेरक रक्तात येतं." (हृदयाचा ईसीजी नव्हे, मीही आधी तसाच दचकलो.) गर्भ नंतर गेला तरी वाट्या चारएक महिन्यांपर्यंत चालूच राहतात. म्हणून रक्त गाभण म्हणतं आणि घोडी नीट माजावर येत नाही. वर्षभर मी घोडीलाच दोष देत होतो.

यंदा एप्रिलमध्ये घोडा लावला. 15व्या दिवशी डॉक्टरांनी आधी जुळं नाही ना ते बघितलं. साधारण 16व्या दिवसापर्यंत गर्भ गर्भाशयात इकडून तिकडं फिरत असतो, त्यावरनंच घोडीच्या अंगाला कळतं की पीतपिंड (अंडाशयातली, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन सोडणारी गाठ) राखायचा. तो एका जागी बसायच्या आत जुळं सापडलं तर एक दाबून काढणं सोपं जातं. आमच्या नशिबी एकच काळा गोल होता. 28व्या दिवशी ठोकाही दिसला.

60 दिवस झाले आणि चंदा शेजारच्या घोड्याकडं बघून शेपूट उचलायला लागली. तबेल्यातले चार शहाणे म्हणाले, गेलं हेही. एकानं तर दर आठवड्याला प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं. डॉक्टर आले (उशिराच), पिल्लू हलताना दाखवलं आणि मग अंडाशय. फुगलेलं, पुटकांनी (आत बीज असलेल्या पाण्याच्या फोडांनी) भरलेलं. म्हणाले, 40 दिवसांच्या पुढं हे असंच दिसतं. ईसीजीमुळं पुटकांचे नवे पीतपिंड होतात, प्रोजेस्टेरॉन घरचंच वाढतं, आणि पाचेक महिन्यांनी ते काम वार (प्लासेंटा) उचलते. इंजेक्शन टोचलं नाही, त्याचे पैसेही लावले नाहीत.

आता आठवा महिना चालू आहे, पोट दिसतंय. बोलवायचं असेल तर आदल्या रात्री व्हॉट्सॲप करा, दिवसा फोन उचलत नाहीत. आणि घोंगडं काळं घ्या, पांढऱ्यातनं ऊन येतं.