बॅश शेल: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्याचं ऑफिस. डिझाइनचे फोटो लावणं, बिलांच्या प्रती, रात्रीचा बॅकअप, सगळं उबुंटू या लिनक्स प्रणालीवर बॅश स्क्रिप्टने चालतं. बॅश म्हणजे टाइप केलेल्या किंवा फाइलमध्ये (स्क्रिप्टमध्ये) लिहून ठेवलेल्या कमांड चालवणारा शेल. वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती घडणीबद्दल: धोक्याचं वागणं आपोआप मिळतं, सुरक्षित वागणं दरवेळी मागून घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त छळतो तो नावातला स्पेस. डिझाइन खात्याकडून 'मोर चादर लाल.जेपीजी' अशी फाइल येते. हे नाव व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या नावात) नीट बसतं, पण व्हेरिएबल डबल कोटशिवाय आरएमला, म्हणजे फाइल पुसणाऱ्या कमांडला, दिला की बॅश त्याचे तीन तुकडे करतो. आरएम मग 'मोर', 'चादर' आणि 'लाल.जेपीजी' शोधत बसतो. 'चादर' नावाची दुसरी फाइल तिथे असली तर तीच उडते, आणि आरएमला कचरापेटी नाही. फाइंडने शोधलेल्या फाइलींची यादी एक्सआर्ग्जला (ती नावं दुसऱ्या कमांडला पुरवणाऱ्या कमांडला) देतानाही हाच घोळ. नावात स्लॅश आणि नल (शून्य किमतीचं अक्षर) सोडून काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. म्हणून नावं नलने वेगळी करायला फाइंडला '-प्रिंट०' आणि एक्सआर्ग्जला '-०' हे जोडीनंच द्यायचं.

बॅकअपचं दुखणं जास्त गंभीर. फाइली एकत्र बांधणाऱ्या टारचं आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देऊन) आकार कमी करणाऱ्या जीझिपला जातं. टार मध्येच अडखळला तरी जीझिप धड संपला की निकाल 'यशस्वी', कारण बॅश पाइपलाइनमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरतो. अर्धवट बॅकअप असा कित्येक दिवस खपून जातो. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'सेट -ओ पाइपफेल' लिहा, म्हणजे मधली कमांड फसली तरी निकाल 'अयशस्वी' येतो. कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणाऱ्या 'सेट -ई'वर एकट्यावर विसंबू नका. इफच्या अटीत बोलावलेल्या फंक्शनच्या आत ते चालतच नाही.

ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टचं आउटपुट '>' ने त्याच फाइलमध्ये वळवलं तर फाइल रिकामी होते, कारण सॉर्ट सुरू होण्याआधीच शेल ती पुसतो. तिथे सॉर्टचा '-ओ' वापरा.

मालाची मराठी यादी छापताना प्रिंटएफ ही छापणारी कमांड रकान्याची रुंदी अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 'चादर' १२ बाइट होतात, म्हणून २० च्या रकान्यात पुढे ८ च स्पेस पडतात आणि रकाने वाकडे येतात. त्यापेक्षा टॅब घालून यादी स्प्रेडशीटमध्ये उघडावी.

नवी स्क्रिप्ट शेलचेकमधून (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनातून) काढल्याशिवाय क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवायला, लावू नका. सुटलेले कोट शेलचेक ओळ क्रमांकासकट दाखवतं.