‘वडोदऱ्यात’ दोनदा शोधावं लागतं: कॅटमा आणि हायपोथेसिस, आठ महिन्यांच्या वापरानंतर

‘वडोदऱ्यात’ हा शब्द टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक असतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एकच सापडतो. म्हणून फाइल कॅटमात (मजकुरावर खुणा करायच्या आणि त्यात शब्द शोधायच्या वेब-साधनात) चढवण्याआधी टेक्स्ट एडिटरमध्ये ‘सर्व बदला’ करून एकच रीत ठेवा. हे आधीच करायला हवं, कारण कॅटमात चढलेला मजकूर नंतर दुरुस्त करता येत नाही. नवी प्रत चढवली तर जुन्या प्रतीवरच्या खुणा तिच्यात येत नाहीत.

मजकूर छापील पुस्तकातून घ्यायचा असेल तर स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) हवं. टेसरॅक्टमध्ये (स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या, म्हणजे ओसीआर करणाऱ्या प्रोग्राममध्ये) मराठीची भाषाफाइल निवडा आणि ओसीआर झालेलं प्रत्येक पान मूळ पानाशी ताडून पाहा. सगळ्यात जास्त गळतात ते अनुस्वार. सयाजीरावांच्या काळातल्या छापील मराठीत तर ते जागोजागी आहेत: कांहीं, नांव, त्यांत. १९६२ च्या लेखननियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार उडवले. त्यामुळे ‘काही’ शोधून उत्तर शून्य आलं, तर लेखकाने तो शब्द वापरलाच नाही असा निष्कर्ष काढू नका. कॅटमातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (चिन्हं वापरून लिहिलेल्या नमुन्याच्या) शोधात ‘कां?हीं?’ लिहा. प्रश्नचिन्हामुळे आधीचा अनुस्वार ऐच्छिक होतो आणि चारही रूपं एकदम मिळतात.

विभक्तीचा त्रास वेगळा. कॅटमाच्या शोधात % म्हणजे पुढे काहीही आणि _ म्हणजे कुठलंही एक चिन्ह. ‘घर%’ लिहिलं की घराला, घरात, घरासमोर सगळे येतात. सोबत घरटं आणि घरंदाजही. ते हाताने वगळायचे. ‘फूल%’ मात्र पुरतं फसतं, कारण सामान्यरूपात ऊकार ऱ्हस्व होतो आणि ‘फुलाला’ सुटतो. ‘फ_ल%’ लिहा, दोन्ही येतील. फाल्गुनही येईल, त्याला इलाज नाही! थोडक्यात, मराठीत कॅटमाने दिलेला आकडा यादी न वाचता लेखात घालू नये.

खुणा करण्याच्या बाबतीत कॅटमा उत्तम. टॅगांचा (खुणेला द्यायच्या नावांचा) संच आधी ठरतो, एकाच ओळीवर दोन टॅग बसतात, एकमेकांवर चढलेही चालतात. सुरुवात पाच-सहा टॅगांनी करा. वीस टॅग केले की दोन वाचक एकाच ओळीला वेगळी नावं देतात. फोनवर मात्र ते वापरण्याजोगं नाही.

गटाने एकत्र वाचायला हायपोथेसिस (वेबपानांवर टिपा लिहायचं साधन) सोपं. पण टॅग हाताने लिहायचे असल्याने ‘रूपक’ आणि ‘रुपक’ असे दोन ढीग होतात. इथे वडोदऱ्यात गुजराती लिपीतला तिसराही होतो, कारण निम्म्यांच्या फोनवर गुजराती कीबोर्ड असतो. टॅगांची यादी गटात चिकटवून ठेवा आणि तिथूनच कॉपी करा. दुसरी अडचण पानाची. हायपोथेसिस निवडलेला मजकूर आणि त्याच्या आगेमागची थोडी अक्षरं लक्षात ठेवतं. विकिस्रोतावरच्या (मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातल्या) पानात मुद्रितशोधन झालं तर छोटा बदल ते सांभाळून घेतं. परिच्छेदच बदलला तर टीप अनाथ होते, म्हणजे बाजूच्या पट्टीत राहते पण मजकुरावर खूण दिसत नाही. आणि टीप लिहिण्याआधी वर गटाचं नाव निवडलंय ना ते बघा, नाहीतर ती जाहीर होते.

नुसत्या पीडीएफ वाचायच्या असतील तर झोटेरो (संदर्भ जमवून ठेवायचं सॉफ्टवेअर) पुरे. फक्त त्यातल्या खुणा पीडीएफमध्ये नसून झोटेरोच्या डेटाबेसमध्ये असतात. कुणाला पाठवायच्या असतील तर खुणांसकट एक्स्पोर्ट करूनच पाठवा.