जिप्सीत बलेनोचं इंजिन: इनटेकचा बेंड प्रिंट करावा की वेल्डिंगचा?

जिप्सीत जुन्या बलेनो सेडानचं इंजिन टाकायचं ठरलं की माउंट, वायरिंग, रेडिएटर यावर सल्ला द्यायला प्रत्येक गल्लीत कुणीतरी असतंच. १२९८ सीसीच्या जागी १५९० सीसी कशाला, हेही तुम्ही ठरवून झालं असेल, त्यात मी पडत नाही. खरी अडचण बोनेट लावायच्या दिवशी कळते. बलेनोत आडवं बसणारं हे इंजिन जिप्सीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसतं आणि थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचं) तोंड भलतीकडेच जातं. माझ्या गाडीत ते फायरवॉलपासून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापासून, चार बोटांवर आलं होतं. फिल्टरचा पाईप वळेना, ॲक्सिलरेटरची केबल सरळ जाईना. मग प्लेनम (सिलिंडरना हवा वाटणारी इनटेकची पेटी) आणि थ्रॉटल बॉडीच्या मध्ये नव्वद अंशांचा बेंड आला, दोन्ही टोकांना फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायची सपाट कड. मूठभर वस्तू, पण तयार मिळत नाही, करूनच घ्यावी लागते.

नाशिकला अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत हे काम दोन प्रकारे होतं. थ्री-डी प्रिंट काढून घ्यायची, नाहीतर ॲल्युमिनियमच्या पाईपचा आरगॉन वेल्डिंगने करून घ्यायचा. ओतकाम हा तिसरा पर्याय, पण एका नगासाठी पॅटर्न बनवा म्हटलं की समोरचा चहा पाजतो आणि विषय बदलतो. मी आधी प्रिंट केली, आठ महिने चालवली, मग वेल्डिंगचा बसवला.

प्रिंटच्या बाजूने बोलायचं तर सुरुवातीला मी तिच्या प्रेमातच होतो. रात्री लॅपटॉपवर बेंड तीन मिलीमीटर खाली घ्यायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवा तुकडा हातात. वायपरच्या मोटरला तो दोनदा घासत होता, दोन्ही वेळा ड्रॉइंग बदललं, कुणाचे पाय धरावे लागले नाहीत. मापं पक्की होईपर्यंत पीएलए या साध्या प्लास्टिकचे कच्चे तुकडे काढले, ते अगदी स्वस्तात पडले. शेवटचा तुकडा कार्बन फायबरवाल्या नायलॉनचा, साधारण चार हजारांत. हलका, काळा, दिसायला कंपनीच्या पार्टसारखा. बोनेट उघडलं की लोक त्यालाच हात लावायचे.

पहिल्या आठवड्यात गाडी उत्तम चालली. मग एका शनिवारी सहज दहाचा पाना लावून पाहिला, तर चारही बोल्ट पाव-पाव आट्याने फिरले. म्हटलं, नवीन आहे, बसलं असेल. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्यानंतर हा माझा शनिवारचा उपासच झाला: सकाळी चहाच्या आधी बोनेट, पाना, चार बोल्ट. मेकॅनिकमामा हसून म्हणाले, "दादा, प्लास्टिक आहे ते. दाबलं की दबतच राहणार." मी त्यांना थर्मोप्लास्टिक आणि ग्लास-फिल्ड नायलॉनवर छोटंसं भाषण दिलं. मामांनी ऐकून घेतलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मुंबईहून परतताना कसारा घाट दुसऱ्या-तिसऱ्यावर चढलो आणि घोटीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो. आयडलिंग आधी हजारावर, मग पंधराशेवर, मग आठशे, पुन्हा पंधराशे. क्लचवर पाय ठेवून गाडी स्वतःशीच काहीतरी पुटपुटतेय असं वाटत होतं. मागचा ट्रकवाला हॉर्न देतोय, मी ॲक्सिलरेटरने सावरतोय. घरी येऊन फ्लँजच्या कडेने कार्ब क्लीनर मारला. एका कोपऱ्यात आरपीएम टुणकन उडाला, म्हणजे फट तिथेच. थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, सगळीकडे व्हॅक्यूम असतो, त्यामुळे फट केसाएवढी असली तरी हवा आत शिरते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ती सावरत बसतो.

नंतर बोल्टच्या भोकांत पितळी बुश ठोकून पाहिले. बोल्ट सैल होणं थांबलं, पण दोन बोल्टच्या मधला फ्लँज उन्हाळ्यात थोडा कमानीसारखा होतच राहिला. पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घातलं तर ०.१५ मिलीमीटरची पात सहज सरकायची. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझं डिझाइन थोडं हावरट होतं. फ्लँज आठ मिलीमीटरचाच ठेवला होता आणि ओ-रिंगचा, म्हणजे सील करणाऱ्या रबरी कड्याचा, खाचा दिला नव्हता. कंपन्या हल्ली मॅनिफोल्ड प्लास्टिकचेच करतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. पण ते काच मिसळलेलं नायलॉन साच्यात दाबून भरलेलं असतं, भोकांत धातूचे बुश, सील रबराचं. आपली प्रिंट थरावर थर चढवलेली. नाव तेच, माल वेगळा.

आणि माल नक्की कुठला, हे छापणाऱ्याच्या शब्दावर सोडावं लागतं. ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये एका छोट्या विमानाचं इंजिन उतरताना बंद पडलं, कारण हवा आत नेणारा छापील प्लास्टिकचा कोपरा उष्णतेने मऊ होऊन दबला होता. तो कार्बन फायबर मिसळलेल्या एबीएस प्लास्टिकचा म्हणून विकत घेतलेला होता आणि एबीएस साधारण शंभर अंशांपर्यंत तग धरतं. तपासणीत तो ५५ अंशांच्या आतच मऊ पडायला लागतो असं निघालं. आपण जमिनीवर आहोत, आपल्या बाबतीत फार तर टोलनाक्यावर हॉर्न खावा लागतो. तरी उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली ५५ म्हणजे काहीच नाही.

आता वेल्डिंगचा. यात सुख कमी आणि फेऱ्या जास्त. "उद्या या" हे अंबडमध्ये कालमापनाचं एकक आहे. मी चार वेळा गेलो. पहिल्या वेळी फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकला, कारण कारागिराने एकाच दमात पूर्ण गोल फिरवला. दुसऱ्यांदा त्याला बारा मिलीमीटरची प्लेट घ्यायला लावली, ती जाड लोखंडी पट्टीवर बोल्टने आवळून समोरासमोर थोडं-थोडं वेल्डिंग करायला सांगितलं. तरी शेवटी मिलिंग मशीनवर फेसिंग, म्हणजे तोंड सपाट, करावंच लागतं. अर्धा मिलीमीटर निघाला आणि मग पट्टीखाली उजेड दिसेना. दोन्ही तोंडांना प्लेट लावून हवा भरली, साबणाचं पाणी सोडलं. एका सांध्यावर मोहरीएवढे बुडबुडे. तिथे पुन्हा टाका. गॅस्केट जुन्या पद्धतीने केली, शीट फ्लँजवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकत. आतल्या कडा कानशीने साफ करून दोनदा डिझेलने धुतलं. हे मात्र टाळू नका, ॲल्युमिनियमचा एक कीस सिलिंडरमध्ये गेला की बाकीच्या चर्चेला अर्थ राहत नाही.

सगळं मिळून साडेसात हजार गेले. म्हणजे प्रिंटच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय चार अर्ध्या रजा. वजन जास्त, रूप ओबडधोबड. घाटानंतर हात लावाल तर चटका बसतो. थंड हवेच्या हिशेबात प्रिंट इथे जिंकते हे मान्य. पण त्या वीतभर बेंडमधून हवा जाते तरी किती वेळ? मला तरी खेचण्यात फरक जाणवला नाही, कुणाच्या डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) दिसत असेल तर माझी हरकत नाही. बसवल्याला दोन उन्हाळे झाले. पहिल्या महिन्यात एकदा बोल्ट तपासले, त्यानंतर दहाचा पाना कुठे ठेवलाय तेही आठवत नाही.

थ्रॉटलच्या आधीचा तुकडा, म्हणजे फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा, मी आजही प्रिंटच करीन. तिथे व्हॅक्यूम नगण्य, फ्लँज नाही, क्लॅम्प आणि रबरी होज. फक्त जोड धूळबंद हवा. कच्च्या रस्त्यावर फिल्टरनंतर फट राहिली तर धूळ थेट बोअरमध्ये जाते. तुम्ही बोल्ट आवळायला न कंटाळणारे असाल आणि फ्लँज जाड ठेवून ओ-रिंग दिलीत, तर थ्रॉटलच्या पुढेही प्रिंट कदाचित चालेल. तसं चालवणारे आहेत. माझा धीर मात्र घोटीलाच संपला. आणि बेंड कशाचाही करा, इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मटेरियलचा प्रश्नच येत नाही.

वेल्डिंगवाल्याकडे जाताना कागदावरचं ड्रॉइंग नेण्यापेक्षा पीएलएचा कच्चा तुकडा न्या. मी नेला तेव्हा पहिल्यांदा त्याने "उद्या या" न म्हणता पाईप कापायला घेतला. तो तुकडा त्याने परत दिला नाही. परवा गेलो तर खिडकीच्या गजाला तारेने बांधलेला दिसला. शेजारी आणखी एक होता, कुणाच्या तरी एस्टीमचा.